दुर्गम कोणास?

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत आयुष्याचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं. त्या अवधींत पाठ्यपुस्तकें बदललीं, परीक्षेच्या पद्धती बदलल्या, मुलांचें अक्षरहि बदललें. एक वाक्य मात्र अढळ राहिलें आहे. ‘जावळीचा प्रदेश घनदाट अरण्याचा व दुर्गम असल्यामुळें’ असा त्याचा आरंभ असतो, आणि पुढें अफझलखानाचा वध येतो. मुलांचा यांत दोष नाहीं. हें वाक्य आम्हींच त्यांना शिकविलें, आम्हांस आमच्या गुरुजींनीं शिकविलें. आणि आज तेंच व्याख्यानांत, सहलींच्या जाहिरातींत, सरकारी टिपणांत जसेंच्या तसें आढळतें. प्रस्तुत लेखकाची तक्रार या वाक्याविरुद्ध आहे. तें चुकीचें आहे एवढेंच असतें तर लाल शाईनें खोडून भागलें असतें. परंतु तें आतां माणसांच्या जिवावर उठलें आहे, म्हणून चारचौघांत बोलणें प्राप्त झालें.

जावळीचें राज्य म्हणजे काय तें आधीं पाहूं. आदिलशाहीचे मांडलिक असलेल्या चंद्रराव मोऱ्यांची सत्ता महाबळेश्वराच्या पठाराभोंवतीं, कोयनेच्या वरच्या खोऱ्यांत, आणि सह्याद्रीच्या धारेवरून खालीं उतरून आजच्या पोलादपूर-महाड तालुक्यांत पसरलेली होती. रायरी, म्हणजे पुढचा रायगड, त्यांच्याच हाताखालीं होता. महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून वीस मैलांवरील वाईला तो हजारालाहि पोहोंचत नाहीं. एकाच देवळांत उगम मानलेल्या नद्यांपैकीं कृष्णा व कोयना पूर्वेस वळतात. सावित्री तेवढी पश्चिमेस कड्याखालीं येऊन पोलादपूर, महाड ओलांडते व बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. माथ्यावर जांभ्याचें टोपण, त्याखालीं काळा कातळ. वरती अंजनी, जांभूळ, पिसा यांचें सदाहरित रान. उतारावर ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा. रान घनदाट होतें यांत शंका नाहीं. मीं नाकारतों तें दुसरें विशेषण.

डोंगरउतारावर राब जाळून काढलेल्या नाचणी-वरीच्या बळावर कोणतेंहि घराणें पिढ्यान्पिढ्या राज्य करूं शकत नाहीं. मोऱ्यांचें राज्य रानावर जगत नव्हतें, वाटेवर जगत होतें. भरतीचें पाणी सावित्रींतून महाडच्या आसपास पोहोंचतें. त्या पाण्यावर गलबतें येत. मीठ, नारळ, सुकी मासळी तेथें उतरे आणि बैलांच्या पाठीवर पोलादपूर, किनेश्वर, पार अशी घाट चढून महाबळेश्वराच्या अंगानें वाईच्या बाजारांत जाई. उलट वाटेनें देशावरचें धान्य, गूळ, तेल खालीं येई. पार आणि किनेश्वर येथें जकातीचीं ठाणीं होतीं. निर्मनुष्य अरण्यांत जकातीचें ठाणें कोणी घालीत नाहीं! शिवाजीमहाराजांनीं १६५६ च्या जानेवारींत जावळी घेतली ती एकांतवासाच्या हौसेनें नव्हे; देश आणि बंदर यांना जोडणारी कडी त्यांना हवी होती. पुढें १६७४ मध्यें राज्याभिषेकासाठीं त्यांनीं निवडलेला रायगड आज महाड तालुक्यांतच आहे. ज्यानें आपली राजधानी येथें वसविली त्या राजास हा प्रदेश जगाच्या पाठीमागें पडलेला वाटत होता, असें म्हणण्याची आमच्या इतिहासप्रेमी मित्रांची छाती आहे काय?

खानाच्या हत्तींना आणि तोफांना तो दुर्गम होता, हें खरें. दुर्गम हें विशेषण स्थळाचें नसतें, येणाऱ्याचें असतें. बोर्निओ बेटावरील सारावाकचें उदाहरण घ्या. तेथें ब्रूक नांवाच्या इंग्रज घराण्यानें १८४१ पासून १९४६ पर्यंत राज्य केलें, आणि युरोपीय वाचकांस तो मुलुख म्हणजे पृथ्वीचें टोंक वाटे. पण त्याच बेटाच्या रानांतून कापूर आणि पाखरांचीं खाद्य घरटीं त्यापूर्वीं कित्येक शतकें चीनच्या बाजारांत जात होतीं. चिनी व्यापाऱ्याला तें बेट दुर्गम नव्हतें, लंडनच्या वाचकाला होतें. आपण जावळीकडे पाहतों तें लंडनच्या वाचकाच्या डोळ्यांनीं. आणि वर त्यालाच देशाभिमान समजतों!

माणसांविषयींहि आमची समजूत अशीच अर्धी. मावळा म्हणजे काटक, इमानी, अर्धनग्न. त्याला ना व्यापार ठाऊक, ना विद्या. उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव पोलादपूर तालुक्यांत, एवढें सर्वांस माहीत असतें. संस्कृतांत ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधि त्याच पोलादपुरांत आहे, हें किती जणांना ठाऊक आहे? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ मध्यें जन्मले तें नाते गांव रायगडाच्या वाटेवर महाड तालुक्यांत. आणि १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांच्या मागून जे हजारों लोक चालले, ते कोठून आले होते? याच डोंगरकपारींतल्या, खाड्यांकांठच्या वाड्यांतून. त्यांत पेन्शन घेऊन परतलेले शिपाई होते. त्यांनीं दूरदूरचे मुलुख पाहिले होते. त्यांना महाड दूर नव्हतें. महाडचें तळें मात्र दूर ठेवलें होतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डॉ. आंबेडकर दुसऱ्या परिषदेसाठीं मुंबईहून निघाले ते आगबोटीनें दासगांवास उतरले. दासगांव हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मग हा प्रदेश आडबाजूस पडला कसा? पडला नाहीं, पाडला गेला. १८३० मध्यें बोरघाटांत गाडीवाट झाली, १८६३ मध्यें त्याच घाटांतून लोहमार्ग गेला, आणि देशावरचा माल पारघाटाकडे पाठ फिरवून मुंबईकडे वळला. १८७८ च्या कायद्यानें राखीव रानाच्या हद्दी पडल्या. राब, चराई, लांकूडफांटा यांवर परवाने आले, आणि दुसऱ्या बाजूनें मुंबईच्या चुलींसाठीं याच तालुक्यांच्या उतारांवर कोळशाच्या भट्ट्या धुमसत राहिल्या. जुनें राज्य दोन जिल्ह्यांत चिरलें गेलें. प्रतापगड साताऱ्यांत, त्याच्या पायथ्याचें पोलादपूर कुलाब्यांत, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यांत. खुद्द जावळी हें गांव आज जावळी तालुक्यांत नाहीं, महाबळेश्वर तालुक्यांत आहे. ही गंमत नकाशा काढणाऱ्यांस कधीं खुपलेली दिसत नाहीं. पोलादपूरच्या शेतकऱ्याला जिल्ह्याच्या कचेरींत जायचें म्हणजे अलिबाग, शंभर किलोमीटरांहून अधिक. धारेपलीकडे कोयनेचें धरण झालें, वरच्या खोऱ्यांतलीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पूर्वेस वाहणारें तें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीला आणून त्यावर वीज निघाली व ती कारखान्यांस मिळाली. धारेच्या खालचा तरुण त्याच कारखान्यांच्या शहरांत पोट भरावयास गेला. घरीं मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला माणूस. १९८२ च्या संपानें गिरण्या बसल्या तेव्हां ती मनीऑर्डरहि आटली.

इतक्या खटपटीनें एक प्रदेश दूर लोटावयाचा आणि मग तो मुळांतच दूर आहे असें मुलांना शिकवावयाचें, याला काय म्हणावें?

२२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगर कोसळला. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांत केवनाळे आणि साखर येथील सुतारवाडी यांवर दरडी आल्या. महाड पुरांत, रस्ते दरडींखालीं. तळियेस बचावाचीं पथकें पोहोंचलीं तीं दुसऱ्या दिवशीं. उशीर कां झाला असें विचारतांच उत्तर ऐकूं आलें: गांव दुर्गम. उत्तरपत्रिकेंतलें वाक्य!

आतां दासगांव आठवा. २००५ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यांत याच तालुक्यांत दासगांव, जुई, रोहन, कोंडिवते येथें दरडी कोसळून माणसें गाडलीं गेलीं होतीं. दासगांव तर मुंबई-गोवा महामार्गावर, खाडीच्या कांठीं, एके काळीं आगबोटींचा धक्का. तें दुर्गम होतें काय? तेथें मृत्यु आला तो रस्ता नव्हता म्हणून नव्हे. उताराला काय झालें आहे हें कोणी पाहिलें नव्हतें म्हणून. आणि तें सोळा वर्षांत पाहून झालें असतें, तर तळियेच्या लोकांना पावसाआधीं हलवितां आलें असतें कीं नाहीं? मीं भूगर्भशास्त्रज्ञ नाहीं. पण हा प्रश्न विचारण्यास त्या शास्त्राची पदवी लागत नाहीं. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्रीं सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला पूल दोन एस्. टी. गाड्यांसह वाहून गेला. तेथें महामार्ग अडला होता; वर्ष भरण्याच्या आंत नवा पूल उभा राहिला. तळियेच्या कित्येक कुटुंबांनीं मात्र पुढचे पावसाळे पत्र्याच्या कंटेनरांत काढले. त्याच नदीचें खोरें, तोच तालुका. फरक एवढाच कीं पुलावरून आम्ही जातों.

अरण्यप्रेमी मित्र येथें म्हणतील, रान राखलें असतें तर डोंगर राहिले असते. बरोबर आहे. कोयनेचें अभयारण्य १९८५ मध्यें झालें, २०१२ मध्यें तें जागतिक वारशाच्या यादींत गेलें, याचा मला आनंदच आहे. परंतु रान राखण्याचा नियम गवळी धनगराच्या गोठ्याशीं कडक आणि बंगल्याच्या पायाशीं मऊ कसा होतो, हेंहि त्यांनीं एकदां सांगावें. सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतील २३५ गांवें घेऊन ‘नवें महाबळेश्वर’ नांवाचें गिरिस्थान वसविण्याचा सरकारी बेत पुढें आला आहे. म्हणजे ज्या खोऱ्यांत दवाखाना, शाळा, रस्ता नेतांना दुर्गमता आडवी येते, तेथें उपाहारगृह नेतांना ती येत नाहीं. उलट तिचेंच भाडें मिळतें. मोऱ्यांची जकात निदान मालावर होती.

जुन्या महाबळेश्वरानें उतार कसे पोखरले गेले आणि रहदारी कशी तुंबते हें प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबानें उन्हाळ्याच्या सुटींत डोळ्यांनीं पाहिलें आहे. नवें वसवावयाचें असेल तर त्याआधीं एक काम व्हावें. धारेच्या वरतीं आणि खालीं, दोन्ही जिल्ह्यांत, धोक्याच्या उतारावर कोणती वाडी आहे, तेथें किती घरें आहेत आणि पाऊस किती झाला म्हणजे तीं रिकामीं करावयाचीं, याचा मराठींत काढलेला नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ज्येष्ठ लागण्यापूर्वीं लावावा. आणि त्या माणसांनीं त्या रात्रीं जावें कोठें, त्या शाळेचें किंवा देवळाचें नांवहि त्यावर असावें. गिरिस्थानाचे आराखडे त्यानंतर मागवावेत.