पिन आधी, आकडा नंतर

टायमिंग बेल्ट बदलून गाडी ताब्यात घेताना मालक एकच गोष्ट विचारतो, "टायमिंग बरोबर लागलंय ना?" उत्तरही ठरलेलं असतं, "पिना मारून लावलंय साहेब, बिनघोर राहा." मिस्त्री खोटं बोलत नाही. पण लॅपटॉप आणि केबल गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोहोचली असताना एवढ्यावर समाधान मानायचं का?

फोक्सवॅगन गटाच्या १.९ लिटर पीडी डिझेल इंजिनाच्या बाबतीत तर हे विचारायलाच हवं. हे इंजिन आपल्याकडे स्कोडा लॉरामधून आलं, आणि ती गाडी आपल्याच महाराष्ट्रात, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची. यात सगळ्या सिलिंडरांना डिझेल पुरवणारा एकच मोठा प्रेशर पंप नसतो. प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर स्वतःच पंपाचं काम करतो आणि त्याला कॅमशाफ्ट दाबतो. त्यामुळे एका कॅमशाफ्टवर बारा लोब असतात, आठ व्हॉल्व्हसाठी आणि चार इंजेक्टरसाठी. दोन हजार बारच्या आसपासचा दाब हाच कॅमशाफ्ट तयार करतो आणि तो सगळा भार बेल्टवर येतो. डिझेल नेमकं कधी सोडायचं ते इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो खरा, पण कॅम ज्या वेळात इंजेक्टर दाबत असतो त्याच वेळात.

बेल्ट बसवताना क्रँकच्या पुलीला लॉक लावतात, कॅमच्या हबमध्ये पिन घालतात आणि मग पुलीचे तीन बोल्ट आवळतात. या बोल्टांची भोकं लांबट असल्यामुळे पुली हबवर थोडी मागेपुढे सरकते. पिनही भोकात अगदी घट्ट बसत नाही. म्हणूनच त्याच पिना वापरून दोन चांगल्या कारागिरांनी लावलेलं टायमिंग दोन-तीन अंशांनी वेगळं निघू शकतं, आणि त्यात दोघांचाही हलगर्जीपणा नसतो.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही, सॉफ्टवेअरला दिसतो. इंजिन गरम करून आयडलवर ठेवायचं, लॅपटॉपवर व्हीसीडीएस या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये इंजिनाच्या मोजमापांचा चार नंबरचा ब्लॉक उघडायचा आणि चौथ्या रकान्यातली टॉर्शन व्हॅल्यू वाचायची. क्रँक आणि कॅम यांचे सेन्सर एकमेकांपासून किती अंश ढळलेत, ते हा आकडा सांगतो. मी पाहिलेल्या एका लॉरामध्ये तो वजा ३.८ होता. बेल्ट नवा होता, पिना व्यवस्थित बसत होत्या. मिस्त्रींनी इंजिन बंद करून वरचं कव्हर काढलं, तीन बोल्ट सैल केले, हबला पाना लावून केसभर फिरवलं आणि बोल्ट पुन्हा पंचवीस न्यूटन मीटरला आवळले. आता आकडा ०.४ आला. "दादा, आता सकाळी धूर कमी होईल," एवढंच ते म्हणाले. इतकं बारीक काम नुसत्या पिनांनी झालं नसतं, हे त्यांनीही मान्य केलं.

म्हणून पिनांची पेटी माळ्यावर टाकायची का? मुळीच नाही, आणि इथे माझं मत ठाम आहे. हा आकडा इंजिन चालू झाल्यावरच मिळतो. बेल्ट दोन-तीन दात चुकून बसला असेल, तर स्टार्टर मारताच पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. मग स्क्रीनवर काहीही दिसलं तरी हेड उतरवावंच लागतं. आधी पिन, मग क्रँकचा बोल्ट धरून हाताने इंजिनाचे दोन पूर्ण फेरे, मग पुन्हा पिन, आणि शेवटी लॅपटॉप. घाईच्या दिवशीसुद्धा हा क्रम मोडू नये.

दुसरं, आकडा सेन्सरांपुरताच खरा असतो. क्रँकच्या मागच्या बाजूचं सील बदलताना त्याच्यासोबतची सेन्सरची चकती किंचित फिरून बसली, तर टायमिंग बरोबर असूनही आकडा चुकीचा येतो. आणि बेल्टचा ताण, टेन्शनरची खूण, वॉटर पंपाची गळती यांतलं काहीच तो सांगत नाही. चुकीचं ऑइल घातल्यामुळे या इंजिनांच्या कॅमचे लोब झिजतात. झिजलेल्या कॅमवरसुद्धा टॉर्शन छान शून्य दाखवू शकते.

उलट बाजूने, शून्याच्या मागे हात धुऊन लागणारे मालकही मी पाहिलेत. अर्ध्या अंशासाठी तीनदा बोल्ट सैल करायला लावतात आणि मिस्त्रीच्या कामावर शंका घेतात. एक-दीड अंशाच्या आतलं टायमिंग, तेही धूर आणि आवाज ठीक असताना, तसंच राहू द्यावं. तिथे कारागिराच्या कानावर विश्वास ठेवणं मला जास्त पटतं.

मात्र एक मागणी मालकाने जरूर करावी आणि गॅरेजने ती आनंदाने पुरवावी. बेल्ट बदलल्यानंतरची टॉर्शन व्हॅल्यू, त्या वेळचं इंजिनाचं तापमान आणि किलोमीटर बिलावर लिहून द्यावेत. वर्षभराने तोच आकडा पुन्हा पाहिला आणि तो तीन अंशांनी सरकलेला निघाला, तर बेल्ट किंवा टेन्शनर काहीतरी सांगतोय हे कळेल आणि कव्हर उघडून बघायला वेळ मिळेल.