झोप आणि विश्रांती

झोप आणि विश्रांती हे दोन शब्द आपण सहजपणे एकमेकांच्या जागी वापरतो. घरापासून दूर राहण्याचा प्रसंग आला, म्हणजे या दोहोंमधील अंतर ध्यानात येते.

गेल्या हिवाळ्यात आम्हां उभयतांचा चेन्नईच्या अड्यार भागातील एका हॉटेलात पाच दिवस मुक्काम होता. खोली स्वच्छ होती, नोकरवर्गही आदबशीर होता. परंतु खिडकी हमरस्त्यावर उघडत असे आणि खाली समारंभांचे सभागृह होते. रात्री अकरानंतरही ध्वनिवर्धक चालू असे. तो थांबला की भांडी आवरण्याचा खडखडाट, आणि पहाटेपासून बसगाड्यांचे हॉर्न. अड्यार नदीच्या दक्षिण तीरावर थिऑसॉफिकल सोसायटीचे १८८२ पासूनचे विस्तीर्ण, वृक्षराजीने वेढलेले आवार आहे. त्या शांत आवारापासून थोड्याच अंतरावर आम्ही कुशी बदलत रात्र काढीत होतो.

तक्रार करण्यात आम्हांला संकोच वाटला नाही. कारण रात्रीच्या शांततेला कायद्याचा आधार आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी निवासी भागात ४५ आणि व्यापारी भागात ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डेसिबलच्या मापात दहाची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होणे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते. व्यवस्थापकांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी मागील बाजूची खोली दिली.

मात्र त्या जागरणाच्या दिवसांतही मला एक वेगळाच हलकेपणा जाणवत होता. सकाळी उठून दूध तापवायचे नव्हते, कणीक मळायची नव्हती, डब्यात कोणती भाजी द्यावी याचा विचार आदल्या रात्रीपासून करायचा नव्हता. झोप नव्हती, पण विश्रांती होती. मागच्या खोलीच्या खिडकीतून समोरची गल्ली दिसे. तेथील गृहिणी उजाडण्यापूर्वीच दारापुढे सडा घालून तांदळाच्या पिठाचे कोलम रेखीत. त्या वेळी घरातील इतर मंडळी बहुधा झोपेत असावीत.

आपल्याकडेही चित्र निराळे नाही. प्रवासाहून परतल्यावर ‘आता घरी आलो, निवांत झालो’ असे घरातील एकजण म्हणतो, तेव्हा दुसरी व्यक्ती बॅगेतील मळके कपडे वेगळे करीत असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ मधील वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, विनामोबदला घरकामात जातात. पुरुषांची केवळ ८८ मिनिटे. ही पुरुषांची सरासरीही घरकामास हातभार लावणाऱ्यांचीच आहे, आणि असे पुरुष चारांत एकाहून थोडेसेच अधिक आहेत.

‘घरचे काम प्रेमाने करायचे असते, त्याचा हिशेब कसला?’ असा प्रश्न यावर विचारला जातो. काम प्रेमाने केले म्हणून त्याला लागणारा वेळ कमी होत नाही. शिवाय या श्रमाला आर्थिक मूल्य आहे, हे आता न्यायालयांनीही मानले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात गृहिणीच्या श्रमाचे मूल्य धरून तिचे काल्पनिक उत्पन्न ठरविणे योग्य मानले. त्याच चेन्नई शहरातील मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये पुढचे पाऊल टाकले. पती परदेशी कमावीत असताना घर सांभाळणाऱ्या पत्नीचा कुटुंबाच्या मालमत्तेत वाटा आहे, कारण तिने घर सांभाळले म्हणूनच तो निर्धास्तपणे कमावू शकला, असा त्या निकालाचा आशय होता.

परंतु प्रत्येक घरातील प्रश्न न्यायालयात जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. हॉटेलातील गोंगाटाची तक्रार करण्यास व्यवस्थापक तरी असतो. घरातील न संपणाऱ्या कामांची तक्रार ऐकणारे कोणी नसते. म्हणून एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. जमाखर्चाच्या वहीत एका आठवड्यापुरते एक पान राखून ठेवावे. केर काढणे, भांडी घासणे, धुणे वाळत घालणे व घड्या करणे, दळण आणणे, औषधांच्या वेळा सांभाळणे अशी कामे त्यावर लिहावीत आणि ती कोणी केली, किती वेळ लागला, याची रोज नोंद करावी. पासबुकातील प्रत्येक नोंद आपण काळजीपूर्वक तपासतो. तेवढीच काळजी या पानाच्या वाट्यालाही यावी. आठवड्याच्या अखेरीस सर्वांनी एकत्र बसून ते वाचावे. तेथे एकच नाव पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर त्यातील दोन-तीन कामांपुढे पुढील आठवड्यापासून दुसरी नावे लिहिता येतील. कौतुकाच्या शब्दांपेक्षा त्या गृहिणीला त्याचा उपयोग अधिक होईल.