सरड्याची धाव पडद्याच्या दांडीपर्यंत

दिवाणखान्यातल्या पडद्याच्या दांडीवरून एक हिरवागार सरडा झुलत झुलत, एकेक पाऊल टाकत चालला आहे आणि खाली घरची मंडळी मोबाइल धरून कौतुकाने बघत आहेत. अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर सध्या बऱ्याच दिसतात. ‘आम्ही याला पिंजऱ्यात कोंडत नाही, घरभर मोकळा सोडतो,’ असे सोबत अभिमानाने सांगितलेले असते. परदेशात रुजलेला हा छंद आता आपल्या शहरांतही येतो आहे. बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या प्रवाशांच्या सामानात जिवंत सरपटणारे प्राणी सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात, त्या उगाच नव्हेत. म्हणूनच हा मोकळेपणा त्या प्राण्याला मानवतो का, आणि घरातल्या माणसांना मानवतो का, हे तपासून पाहायला हवे.

हा प्राणी म्हणजे आपल्या कुंपणावर मान हलवणारा बागेतला सरडा नव्हे. हा शॅमेलिऑन. पाळण्यासाठी प्रामुख्याने विकल्या जातात त्या त्याच्या दोन जाती: येमेन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर. पिंजऱ्याबद्दल पाळणाऱ्यांची तक्रार अगदीच चुकीची नाही. काचेच्या बंद पेटीत हवा खेळत नाही आणि काचेत दिसणारे स्वतःचेच प्रतिबिंब या एकलकोंड्या प्राण्याला प्रतिस्पर्धी वाटू शकते. पण पेटी वाईट आहे म्हणून दिवाणखाना चांगला ठरत नाही.

पहिली अडचण उन्हाची. सरडा शरीराची ऊब बाहेरून घेतो आणि ड जीवनसत्त्व तयार करण्यासाठी त्याला सूर्यप्रकाशातले यूव्ही-बी किरण लागतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ अडवूनच धरते. त्यामुळे खिडकीशी दिवसभर बसलेला सरडा ऊन खातो आहे असे आपल्याला वाटते, पण त्याला मिळतो तो फक्त उजेड. ड जीवनसत्त्वाअभावी कॅल्शियम शोषले जात नाही, हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पँथर शॅमेलिऑन आहारातून ड जीवनसत्त्व किती मिळते त्यानुसार या किरणांत किती वेळ बसायचे हे ठरवतो. ही निवड करता येणे हे त्याचे खरे स्वातंत्र्य. चार खोल्या फिरायला देऊन ते मिळत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. शॅमेलिऑन पानांवरचे दवाचे आणि पावसाचे थेंब चाटतो. वाटीतले स्थिर पाणी त्याच्या सहसा लक्षातच येत नाही. एसीच्या कोरड्या हवेत भरलेल्या वाटीशेजारीही तो तहानलेला राहू शकतो. त्याचे पाय फांदी पकडण्यासाठी चिमट्यासारखे घडलेले आहेत, गुळगुळीत फरशीवर चालण्यासाठी नव्हे. शिवाय आपल्या घरांत छताला पंखे असतात, दाराच्या फटी असतात आणि झुरळांसाठी मारलेले औषध असते. औषध लागलेले झुरळ सरड्याने गिळले, तर विष त्याच्याही पोटात जाते.

मग तो इतके सुंदर रंग कसे दाखवतो? जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनच्या नराचे गुपित उलगडले. त्याच्या त्वचेतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तो शांत असताना ते दाटीने बसतात आणि त्वचा हिरवी दिसते. दुसरा नर समोर आला, की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि पिवळे-तांबडे रंग झळकतात. म्हणजे चित्रफितीत टाळ्या मिळवणारा झगमगाट आनंदाचाच असेल असे नाही, ती चिडही असू शकते.

आता माणसांकडे वळू. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू बाहेर पडू शकतात. मोकळा फिरणारा सरडा ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर, बाळ रांगते त्या चटईवर कुठेही विष्ठा टाकतो. प्राण्याला हात न लावताही संसर्ग होतो, तो असा. पाच वर्षांखालची मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे ज्या घरात आहेत, तिथे असे प्राणी पाळूच नयेत, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. आपल्या एकत्र कुटुंबांपैकी किती घरे या अटीत बसतील?

मोकळेपणाचा धोका घराबाहेरही जातो. १९७२ मध्ये हवाईतल्या एका प्राणीविक्रेत्याने केनियातून जॅक्सन जातीचे शॅमेलिऑन मागवले. प्रवासात ते रोडावले होते, म्हणून सावरण्यासाठी त्याने ते परसात सोडले. तिथून ते पसरले. आज त्यांची प्रजा हवाईच्या अनेक बेटांवर आहे आणि तिथल्या दुर्मीळ गोगलगायी त्यांच्या पोटात सापडल्या आहेत. सोडणाऱ्याच्या मनात दयाच होती.

कायद्याचेही भान हवे. आपला देशी शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी जातीही ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहेत आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

ज्यांच्याकडे असा प्राणी आधीच आहे, त्यांनी त्याला बाहेर सोडून देऊ नये. उंच, जाळीचा, हवेशीर पिंजरा, आत जिवंत झाडे, वर यूव्ही-बी दिवा आणि पानांवर ठिबकणारे पाणी, एवढी सोय करावी. सकाळच्या कोवळ्या उन्हात, आपली नजर असताना, कुंडीतल्या झाडावर त्याला थोडा वेळ बसू द्यावे. स्वयंपाकघराचे दार त्याला बंद ठेवावे आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी चित्रफीत पाहून तो आणायच्या फंदात पडू नये. घोयरा आपल्याकडे झाडाझुडपांत आहेच. विषारी समजून अनेकदा तो मारला जातो, प्रत्यक्षात त्याला विष नसते. दिसला तर दुरून पाहावा आणि रस्ता ओलांडत असेल तर गाडी थांबवावी.