शब्दविचार : ‘चौथाई’

‘चौथाई’ हा शब्द संस्कृत ‘चतुर्थ’, प्राकृत ‘चउत्थ’ या वाटेनें मराठींत आला. मूळ अर्थ एवढाच कीं, चौथा हिस्सा. १६७० सालीं शिवाजीमहाराजांच्या फौजेनें आमचें कारंजा लुटलें. त्याच सुमारास खानदेशांतील गांवांकडून वसुलाचा चौथा हिस्सा देण्याच्या लेखी कबुल्या घेतल्या व तो भरणारांस अभय दिलें. पुढें १७१९ त शाहूमहाराजांस वऱ्हाडासह दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद दिल्लीहून मिळाली. तिच्या बदल्यांत १५,००० स्वार बादशाही चाकरीस ठेवण्याचें ठरलें. म्हणजे घेणाऱ्यावरही बोजा होताच. आमच्या मतें शब्दाचें मर्म येथेंच आहे. रक्षणाचें वचन पाळलें तरच ती चौथाई, नाहीं तर लूटच. आज कर भरतांना सुज्ञ वाचकांनीं हाच भेद ध्यानांत धरावा.