सोपी केलेली भुते

जुन्या घरगुती संगणकांवरचे भुताखेतांचे, जीव मेटाकुटीला आणणारे खेळ गेल्या काही वर्षांत पुन्हा खेळले जाऊ लागले आहेत. याचा आम्हाला आनंदच आहे. आमची तक्रार आहे ती हे खेळ ज्या रीतीने खेळले जातात तिच्याविषयी, आणि खेळून झाल्यावर त्यांच्यावर जे निवाडे दिले जातात त्यांच्याविषयी. साहित्याला वाहिलेल्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे आमचे काही ज्येष्ठ वाचक विचारतील. जुन्या कृतीकडे परत कसे जावे, हा प्रश्न आपल्याकडे बखरीच्या बाबतीत निघतो, नाट्यपदांच्या बाबतीत निघतो. तो येथेही लागू आहे, एवढेच आमचे उत्तर. शिवाय ज्या मुलांनी हे खेळ खेळले ती आता पन्नाशीच्या आसपास पोचली आहेत आणि याच पत्रिकेची वर्गणी भरतात.

प्रथम थोडी वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. १९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक बाजारात आणला. त्याची मोठी आवृत्ती ४८ किलोबाइट स्मृतीची होती. त्यातील ६,९१२ बाइट पडद्यावरील चित्रालाच लागत. उरलेल्या जागेत सारा खेळ बसवायचा. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्या जागेत मावणार नाही. तेवढ्या जागेत इंग्लंडमधील अ‍ॅशबी या गावच्या स्टँपर बंधूंनी, ‘अल्टिमेट’ या नावाखाली, १९८३ साली ‘अ‍ॅटिक अ‍ॅटॅक’ नावाची एक आख्खी झपाटलेली गढी बसवली.

आमच्या घरी हे यंत्र आले ते थेट विलायतेहून नव्हे. पुण्याच्या डेसी बेल्स कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लसची देशी आवृत्ती काढली होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या मावसभावाने ती पुण्याहून आगगाडीने, मांडीवर खोका धरून, बडोद्याला आणली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात तेव्हा काळा-पांढरा टीव्ही होता. कॅसेट लावायची, आज्ञा टंकायची आणि पाच मिनिटे तो कर्कश आवाज ऐकत बसायचे. शेवटच्या मिनिटाला ‘टेप लोडिंग एरर’ अशी अक्षरे उमटली की पुन्हा पहिल्यापासून. टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवून रुसलेली कॅसेट चालवण्यात आमच्या ताईचा हात धरणारे कोणी नव्हते. आणि सगळे जमून आले, गढीचे दार उघडले, की वीज जायची. पडद्यावर नसलेले सर्वांत मोठे भूत तेच होते.

गढीत तुम्ही अडकलेले असता. जादूगार, सरदार किंवा नोकर यांपैकी एकाचे सोंग घ्यायचे. तिघांच्या गुप्त वाटा निरनिराळ्या. कोणी पुस्तकांच्या कपाटातून जातो, कोणी उभ्या घड्याळातून, कोणी पिंपातून. सोनेरी किल्लीचे तीन तुकडे शोधून मुख्य दरवाजाने बाहेर पडायचे. हाती एका वेळी तीनच वस्तू राहतात, म्हणजे किल्लीचे तुकडे सापडू लागले की बाकी सारे टाकून द्यावे लागते. पडद्याच्या कडेला एक भाजलेली कोंबडी दिसते, ती म्हणजे तुमची ताकद. भूत अंगाला लागले की मांस कमी होते, आणि नुसते हिंडत राहिले तरीही कमी होतच असते. शेवटी हाडे उरतात. (आमच्या शाकाहारी घरात ही कोंबडी आजीला बरीच वर्षे फणस म्हणून सांगितली गेली.) ड्रॅक्युला क्रूसाला भितो, फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाला पाना दाखवावा लागतो. मेलात की त्या जागी थडगे उमटते, आणि पुढचा जीव घेऊन त्याच दालनातून जाताना ते आपल्याकडे पाहत असते. जीव तीन.

आता काळ्या-पांढऱ्या टीव्हीची गोष्ट. गढीतील कुलपे रंगीत आहेत. लाल दाराला लाल किल्ली, हिरव्याला हिरवी, आकाशीला आकाशी, पिवळ्याला पिवळी. आम्हाला सगळेच करडे. ताईने काही आठवड्यांत असे हेरले की करड्यातही पायऱ्या आहेत. सर्वांत काळपट ती एक किल्ली, सर्वांत फिकट ती दुसरी, आणि मधल्या दोघींत हमखास फसगत. पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात आले की स्पेक्ट्रमचे रंग उजळपणाच्या क्रमानेच लावलेले होते, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. लाल गडद, मग हिरवा, मग आकाशी, मग पिवळा. म्हणजे ताईचा तर्क बिनचूक होता. तिने जुन्या दिनदर्शिकेच्या पानांमागे गढीचा नकाशा काढला, दारांवर ‘गडद’, ‘मध्यम’, ‘फिकट’ असे लिहिले, आणि जेथे जेथे मेली तेथे फुली मारली. खेळ संपला की गढीचा किती भाग पाहून झाला त्याची टक्केवारी दिसत असे. ती प्रत्येक वेळी तारखेसह कोपऱ्यात टिपलेली आहे. तिसरा तुकडा तिला कधीच सापडला नाही, कारण तुकडे दर डावात त्याच जागी नसतात.

काही वर्षांपूर्वी ताईच्या मुलाने ही गढी एका दुपारी सर केली. संगणकावर संगणकाचे सोंग आणणारा एम्युलेटर त्याच्याकडे होता. भूत आले, अंगाला लागले, की तो एक कळ दाबून काळ दहा सेकंद मागे नेई आणि भूत येण्याआधीच्या दारातून निघून जाई. थडगे एकही उमटले नाही. मुख्य दार उघडल्यावर तो म्हणाला, “आई, यात काहीच नाही गं. नुसते दार उघडा, दार लावा. आणि भुते कुठूनही अंगावर येतात, ही कसली रचना?” ताईने पडद्याकडे पाहिले नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली. आम्हाला राग आला, आणि तो अद्याप गेलेला नाही, हे मान्य करूनच आम्ही पुढे लिहीत आहोत.

मुलगा गुणी आहे. तो एकटा असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्याने जे केले तेच आज अधिकृतपणे विकले जाते. २०१५ साली अल्टिमेटच्या वारस कंपनीने आपल्या तीस खेळांचा जो संग्रह काढला, त्यात ‘अ‍ॅटिक अ‍ॅटॅक’ आहे आणि काळ मागे फिरवण्याची सोयही आहे. २०२४ साली स्पेक्ट्रमची जी नवी प्रतिकृती निघाली, तीत ४८ खेळ आधीच भरलेले आहेत आणि तीच सोय तीतही आहे. मग समीक्षक पुढे होतात. एका रविवारी आठ खेळ ‘पुन्हा पाहून’ ते निकाल देतात की हे खेळ अन्यायी होते, त्या काळी लोकांना दुसरे काही माहीत नव्हते म्हणून चालले.

आमचे म्हणणे असे की त्यांनी तो खेळ पाहिलेलाच नाही. भुताचे चार ठिपके म्हणजे भय नव्हे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग मावणाऱ्या त्या पडद्यावर कोणते भूत भयानक दिसणार? भय होते ते हरवण्याचे. तीन जीवांपैकी दोन गेलेले आहेत, कोंबडीची हाडे दिसू लागली आहेत, हाती किल्लीचे दोन तुकडे आहेत आणि पुढचे दार कोठे उघडेल ते ठाऊक नाही, अशा स्थितीत तळहाताला जो घाम येई तोच या खेळाचा मजकूर. मागे फिरवण्याची कळ तेवढाच मजकूर खोडते आणि बाकीचे सर्व जसेच्या तसे ठेवते. मग वाचणारा म्हणतो की पान कोरे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो दुबळा नाही. हा अवघडपणा मुळात पैशांसाठी होता, असे सांगितले जाते. कॅपकॉमचा ‘घोस्ट्स एन् गॉब्लिन्स’ १९८५ साली आला तो नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रावर. चिलखत घातलेला सरदार आर्थर स्मशानातून धावतो. एक घाव बसला की चिलखत गळून नुसती चड्डी उरते, दुसऱ्या घावाला सांगाडा. एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. जळत्या चुडीसारखे जे शस्त्र वाटेत मिळते ते भाल्याहून वाईट, आणि चुकून उचलले तर तेच गळ्यात पडते. सारे संपवून शेवटाला पोचावे तर कळते की हा सैतानाचा भुलावा होता, आता सगळे पुन्हा पहिल्यापासून. यामागे नाण्यांचा हिशेब नव्हता असे कोण म्हणेल? परंतु १९८६ साली हाच खेळ स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या घरगुती यंत्रांवर उतरला तेव्हा तेथे नाणे टाकायला भोक नव्हते. आणि ‘अ‍ॅटिक अ‍ॅटॅक’ला तर नाण्याचे यंत्र कधी माहीतच नव्हते. स्टँपर बंधू आधी त्या धंद्यात होते हे खरे. त्यांची सवय तेथली असेल. पण सवयीतून आलेली गोष्टही कामाची ठरू शकते. लेखकाला पानामागे पैसे मिळत म्हणून कादंबरी लांबली, एवढ्याने ती वाईट ठरत नाही आणि चांगलीही ठरत नाही. ती वाचून पाहावी लागते.

उलट बाजूचे आमचे समवयस्कही आम्हाला जवळचे वाटत नाहीत. ‘आमच्या वेळी मुले चिवट होती’, असे ते छाती फुगवून सांगतात. कसली चिवट? आम्ही सगळे चोरवाटा शोधत होतो. विलायती मासिकांतून ‘पोक’ नावाच्या आज्ञा छापून येत; स्मृतीतील एका ठराविक घरात शून्य घातले की अमर्याद जीव. अशा पानांच्या झेरॉक्स प्रती आमच्याही हाती येत आणि त्या आम्ही आनंदाने वापरल्या. बहुतेक खेळ आम्ही पुरे केलेच नाहीत. ‘कॉल्ड्रन’चा १९८६ साली निघालेला दुसरा भाग घ्या. त्यात आपण एक भोपळा असतो आणि तो सतत उसळत असतो, क्षणभरही स्थिर उभा राहत नाही. चेटकिणीच्या वाड्यात तो उसळता भोपळा घेऊन जाण्याचा नाद आम्ही दोन दिवसांत सोडला. यात चारित्र्यसंवर्धन वगैरे काही नव्हते.

आणि काही अवघडपणा हा निव्वळ गबाळेपणा होता, तोही सांगून टाकू. मॅथ्यू स्मिथचा ‘जेट सेट विली’ १९८४ साली निघाला. मोठ्या वाड्याचा मालक असलेल्या विलीला घर आवरल्याशिवाय मोलकरीण झोपू देत नाही, अशी मजेदार कल्पना. आणि वाडा दुःस्वप्नासारखा. पण माळ्याच्या खोलीत एकदा गेले की स्मृतीतील दुसऱ्या काही खोल्या बिघडत, आणि मग तेथे शिरताच मरण. खेळ पुरा करणे अशक्य होते. अमर्याद जीव घेतले तरी अशक्य. प्रकाशकांनी प्रथम काय सांगावे? त्या खोल्यांत विषारी वायू भरला आहे, ते मुद्दामच केले आहे! पुढे त्यांनाच दुरुस्तीच्या आज्ञा जाहीर कराव्या लागल्या. त्याच खेळात उंचावरून पडत दुसऱ्या खोलीत शिरून मेलात तर नवा जीव त्याच पडत्या जागी जन्म घेई आणि पुन्हा मरे, सगळे जीव संपेपर्यंत. ही चूक आहे. तिला चूकच म्हटले पाहिजे. परंतु ही चूक आणि गढीतले थडगे यांत भेद करता येण्यासाठी दोन्हीकडे आधी मरावे लागते. कळ दाबून मागे सरकणाऱ्याला दोन्ही सारखीच अडचण वाटते, आणि म्हणून तो दोन्हींना एकाच शब्दात ‘अन्यायी’ म्हणतो.

सोय नसावी असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा हात थरथरतो, ज्याची नजर अधू आहे, त्याने वाटेल तेवढे मागे जावे. २०२१ साली ‘घोस्ट्स एन् गॉब्लिन्स’चा नवा अवतार निघाला, तोही मूळ रचनाकार तोकुरो फुजिवारा यांच्याच हातचा. त्यात चार पायऱ्या आहेत आणि सर्वांत खालच्या पायरीवर माणूस मेला त्याच जागी पुन्हा उठतो. रचनाकाराने स्वतः बांधलेली ती पायरी आहे, आणि तिच्यावरून चढणाऱ्याला आपण कोठून चढलो हे ठाऊक असते. आमचा विरोध आहे तो पाळण्यात बसून गड चढल्यावर गडाच्या पायऱ्यांना नावे ठेवण्याला.

जुन्या खेळांच्या प्रती आज जपल्या जात आहेत, हे मोठे काम आहे. कॅसेटवरचा आवाज उतरवून ठेवला की खेळ टिकतो. पण तो कसा खेळला जाई, कोणत्या पडद्यावर, किती वेळा मरून, हे उतरवून ठेवणारा माणूस आमच्या माहितीत नाही. आपल्या गावोगावच्या घरांत अशा कॅसेटांबरोबर वह्या असतील, नकाशे असतील, गुणांच्या याद्या असतील. पणजोबांचे मोडीतले कागद आपण पेटीत जपले. त्याच पेटीत या वह्यांना जागा मिळावी, ही आमची मागणी आहे. रद्दीवाल्याला देण्याआधी निदान एकदा उघडून पाहा.

आणि समीक्षकांना आमचे आव्हान आहे. एक आठवडा, रोज एक तास, तीन जीव, मागे जाणे बंद. टीव्हीचा रंग शून्यावर. नकाशा स्वतः काढायचा. त्यानंतर खेळ वाईट आहे असे कोणी लिहिले तर आम्ही ते मान सोडून ऐकू.

ताईच्या मुलाला हे आम्ही सांगितले तेव्हा तो हसला. गेल्या दिवाळीत त्याने खेळ पुन्हा सुरू केला, कळ न वापरता, आणि चौथ्या मिनिटाला मेला. ताई मागे येऊन उभी राहिली होती. तिने चष्मा लावला, दिनदर्शिकेचे पान त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “त्या दाराने गेलास तिथेच चुकलास. ते फिकट आहे, मध्यम नव्हे.”