मलिद्याचे ताट आणि जुनी छायाचित्रे

बुऱ्हाणपुरास आलेल्या पाहुण्यापुढे मावा जिलेबी ठेवली की गावाची ओळख निराळी सांगावी लागत नाही. परंतु ताटातील पदार्थावरून एखाद्या समाजाचा धर्म आणि इतिहासही कळू शकतो. याचे उत्तम उदाहरण मराठी बोलणाऱ्यांतच आहे. ते म्हणजे कोकणातील बेने इस्राएल यहुदी.

त्यांची परंपरा अशी की, पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्राने गिळले. पुढे भाषा मराठी झाली. आडनावे पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडली. तेल गाळणे हा त्यांचा धंदा. शब्बाथ पाळण्यासाठी ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत.

ग्रंथ नव्हते, तरी चुलीने नियम जपले. खवले व पर नसलेली मासळी वर्ज्य. म्हणून कोकणात राहूनही कोळंबी आणि खेकडा ताटात नाही. मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही. म्हणून रश्श्यास नारळाचे दूध. लग्नकार्यात वा नवस फेडताना ते मलिदा करतात. भिजविलेले पोहे, साखर, खोबरे, सुकामेवा व वेलची यांचे हे मिश्रण फळांसह मांडून प्रार्थना म्हटली जाते आणि एलिया संदेष्ट्याचे स्मरण होते. अग्निरथातून स्वर्गी गेलेला हा संदेष्टा आपणां ख्रिस्ती जनांसही पूज्यच आहे. त्याच्या रथाच्या खुणा म्हणून अलिबागजवळचा एक खडक ते दाखवितात.

अशा लोकांवरही आपण कोण, हे सिद्ध करण्याची वेळ आली. इस्राएलात स्थायिक झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश तेथील धर्माधिकाऱ्यांनी 1962 साली काढला. फार मोठा निषेध झाला. अखेरीस 1964 साली तेथील संसदेने, हे सर्वार्थाने यहुदीच होत, असे जाहीर केले.

छायाचित्रांची गोष्टही अशीच आहे. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या जातीजमातींची छायाचित्रे 1863 पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत बेने इस्राएल दिसतात, पण एका जमातीचा नमुना म्हणून. दीडशे वर्षांनी मुंबईत जन्मलेल्या व कॅथलिक शाळेतही शिकलेल्या चित्रकर्त्री सिओना बेंजामिन यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन आपल्याच समाजाची छायाचित्रे घेतली आणि त्यांवर रंगकाम केले. येथे प्रत्येक चेहरा स्वतःची कहाणी घेऊन उभा आहे. एस्थर डेव्हिड यांनीही भारतीय यहुद्यांच्या पाककृती 2021 साली पुस्तकरूपाने संग्रहित केल्या.

हे करणे निकडीचे होते. 1948 नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. आता येथे काही हजार माणसेच उरली आहेत. घर सुटले की चूल थंडावते आणि भिंतीवरील तसबिरीतील आजोबांचे नाव सांगणारे कोणी उरत नाही.

वाचकहो, पोटापाण्यासाठी आपलीही मुले दूरदूर जात आहेत. या रविवारी पेटीतील जुनी छायाचित्रे काढावीत, वडीलधाऱ्यांस विचारून प्रत्येकामागे नाव, गाव व साल लिहावे. आणि सणाचा जो पदार्थ आजीच्याच हाताला साधतो, तो तिच्याजवळ बसून शिकून घ्यावा.