शाळा सोडून मिळालेले तास

वार्षिक परीक्षा आटोपली की टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या घरांत एक चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी सातवी-आठवीत आहे, १४ वर्षांखालील गटात क्रमवारी बरी आहे आणि प्रशिक्षक सांगतात, ‘आता वेळ वाढवावा लागेल.’ मग जूनपासून नेहमीच्या शाळेतून नाव काढायचे, मुक्त विद्यालयातून किंवा सतरा नंबरचा अर्ज भरून दहावी करायची आणि सकाळ-संध्याकाळ कोर्टवर राहायचे, असा बेत ठरतो. या चर्चेत करिअर येते, खर्च येतो, आजी-आजोबांचा विरोधही येतो. मुलाच्या हाडांचा आणि झोपेचा विषय मात्र सहसा निघत नाही. तो पुढे दीड-दोन वर्षांनी अस्थिरोग विभागाच्या केसपेपरवर निघतो.

आधी साधा हिशेब मांडून पाहावा. १३ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. ९ तास धरू. शाळेचे साडेसहा तास, येण्याजाण्याचा दीड तास, आंघोळ-जेवणखाण यांचे दोन तास. उरले ५ तास. त्यातले अडीच तास खेळाला, दीड तास अभ्यासाला आणि एक तास कशालाच नाही. म्हणजे लोळायला, भावंडांशी भांडायला. आठवड्यातून पाच दिवस असा खेळ झाला तर साडेबारा तास होतात. दोन दिवस कोर्टला सुट्टी.

आता दुसरा आकडा. डॉ. नीरू जयंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो परिसरातील ७ ते १८ वयोगटातल्या ११९० मुलामुलींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त तास दर आठवड्याला संघटित खेळात घालवणाऱ्या मुलांमध्ये अतिवापराच्या गंभीर दुखापती अधिक आढळल्या. या हिशेबाने १३ वर्षांच्या मुलाची मर्यादा १३ तास. शाळा न सोडता जमणारा आकडा साडेबारा! ज्या जादा तासांसाठी शाळा सोडायची म्हणतात, नेमक्या त्याच तासांबद्दल वैद्यकशास्त्र सावध करते आहे.

अर्थात, ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. निरीक्षणातून निघालेला हा ठोकताळा आहे. आठवड्याला वीस-पंचवीस तास खेळून धडधाकट राहणारी मुलेही असतात आणि त्यांचीच छायाचित्रे अकादमीच्या भिंतीवर लागतात. पाठीला पट्टा लावून घरी बसलेल्यांची कोण लावणार?

या वयात शरीराला जादा तास का झेपत नाहीत, याचे कारण वाढीत आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. हाडाच्या टोकाशी असलेली कुर्चेची पट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट, त्या काळात शेजारच्या अस्थिबंधापेक्षाही कमजोर असते. हाडे लांब होतात, पण त्यांत चुना भरण्याचे काम मागे राहते आणि स्नायू ताणलेले राहतात. गुडघ्याच्या खाली, टाचेच्या मागे, कोपराच्या आत दुखू लागते ते यामुळे. टेनिसची आणखी एक खासियत म्हणजे सर्व्हिस. कंबर मागे वाकवायची, त्याच क्षणी पिळायची आणि झटक्यात पुढे यायचे. दिवसाला शंभर-दीडशे वेळा ही क्रिया झाली की कमरेच्या मणक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या हाडाच्या अरुंद पुलावर ताण साठत जातो आणि तिथे बारीक तडा जाऊ शकतो. १७ वर्षांच्या आसपासच्या, पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ३३ अव्वल टेनिसपटूंच्या कमरेचे एमआरआय ब्रिटनमध्ये काढण्यात आले होते. २००७ च्या त्या अभ्यासात ३३ पैकी केवळ पाच जणांचे मणके निर्दोष निघाले.

असा तडा सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून मूल पुन्हा कोर्टवर जाते. मागे वाकल्यावर एका बाजूला दुखते आणि दोन-तीन आठवडे झाले तरी थांबत नाही, एवढी खूण पालकांनी लक्षात ठेवली तरी पुष्कळ. वेळेत सापडला तर तीनेक महिन्यांच्या विश्रांतीत तो बहुधा भरून येतो. मलम चोळून आणि वेदनाशामक गोळी देऊन स्पर्धा खेळवली तर कायमचा राहू शकतो.

दुसरा विषय झोपेचा. पहाटे पाचचा गजर आणि रात्री अकरापर्यंत गृहपाठ, असा दिनक्रम अनेक घरांत कौतुकाने सांगितला जातो. सहा तासांची झोप ही शिस्त नव्हे, ती उधारी आहे. लॉस एंजेलिसमधील ११२ शालेय खेळाडूंच्या अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. शिवाय संध्याकाळी शिकलेला बॅकहँड आणि रात्री वाचलेला इतिहासाचा धडा, दोन्ही मेंदूत पक्के होतात ते झोपेतच. झोप कापून दोन्ही करणाऱ्याचे दोन्हीकडे नुकसान होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दडवली जाते. खूप खेळून पुरेसे न खाणाऱ्या मुलीची पाळी लांबते किंवा थांबते. ‘खेळाडूंचे असेच असते’ म्हणून ते सोडून दिले जाते. ते आजाराचे लक्षण आहे आणि त्यात हाडे ठिसूळ होतात. सलग तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

मग मुक्त विद्यालय वाईट का? नाही. ती व्यवस्था चांगली आहे, परीक्षेच्या वर्षातून दोन संधी देते आणि तिचे प्रमाणपत्र पुढच्या प्रवेशांना चालते. प्रश्न आहे सुटलेल्या तासांचे काय होते, हा. ते झोपेत आणि नीट अभ्यासात गेले तर मुलाचा फायदा आहे. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा तिसऱ्या सत्रात जातात. आणि शाळा म्हणजे फक्त धडे नव्हेत. पहिल्या फेरीत हरून आलेल्या मुलाला डबा वाटून खाणारे, त्याच्या क्रमवारीशी काही देणेघेणे नसलेले चार मित्र तिथे भेटतात. हे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही.

शाळांनीही आपला ताठरपणा सोडायला हवा. मुख्य फेऱ्या बहुधा सोमवार ते शुक्रवार असतात. त्यामुळे हरणारे मूल मंगळवारी वर्गात हजर होते, जिंकणारे आठवडाभर गैरहजर राहते. यशाची अशी शिक्षा करू नये. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी हजेरीत सूट देण्याची तरतूद सीबीएसईच्या नियमांत आहे आणि राज्य मंडळ दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण देते. पण चुकलेली घटक चाचणी नंतर घेणे, सकाळचा पहिला तास माफ करणे, यासाठी मंडळाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तर पुरते.

लवकर सुरुवात केली नाही तर गाडी चुकेल, ही भीती खोटी नाही. टेनिसचे तंत्र लहानपणीच हातात बसते. पण तंत्र लहानपणी शिकणे वेगळे आणि लहानपणीच व्यावसायिक होणे वेगळे. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदावे वर्ष पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली, त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेली, १९९२ मध्ये बार्सिलोनात स्टेफी ग्राफला हरवून ऑलिंपिक सुवर्ण जिंकली. पुढच्या दोन वर्षांत ती खेळापासून दूर गेली होती. त्यानंतर महिला टेनिसने अठरा वर्षांखालील मुलींच्या व्यावसायिक स्पर्धांवर वयानुसार मर्यादा घातली. कॅप्रियाती परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली, पण मधली वर्षे गेली ती गेलीच.

आपल्याकडची उदाहरणे दुसऱ्या वाटेचीही आहेत. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात शिकत असताना २००७ आणि २००८ असे दोनदा अमेरिकी महाविद्यालयीन एकेरीचा विजेता झाला आणि २०१० मध्ये आशियाई सुवर्ण घेऊन आला. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून आला. या विद्यापीठांच्या शिष्यवृत्तीसाठी नववीपासूनच्या गुणपत्रिका पाहिल्या जातात, हे आठवीत शाळा सोडवणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

टेनिसच्या दुखापतीचे मूल तपासायला आले की डॉक्टर तीन गोष्टी विचारतात: आठवड्याला किती तास खेळतो, रात्री किती वाजता झोपतो आणि गेल्या सहा महिन्यांत उंची किती वाढली. पालकांना क्रमवारी दोन आकड्यांपर्यंत पाठ असते, उंची मात्र ठाऊक नसते. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करावी, शेजारी तारीख लिहावी. दोन खुणांमध्ये दोन सेंटिमीटरहून जास्त अंतर पडले की झपाट्याची वाढ सुरू झाली असे समजावे आणि ती ओसरेपर्यंत सर्व्हिसचा सराव निम्म्यावर आणायला प्रशिक्षकांना सांगावे.